रिपनचा ठराव आणि उद्याची मुख्याधिकारी

चि. ताईस,


परवा फोनवर तू विचारलेला प्रश्न मनातून जात नाही. राज्यसेवेच्या अभ्यासात लॉर्ड रिपनच्या नावापुढे तू तीन गोष्टी पाठ केल्या आहेस: १८८० ते १८८४ व्हाइसरॉय, १८ मे १८८२ चा ठराव, भारतातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांचा जनक. आणि मग तूच म्हणालीस, की ज्या सरकारने आपल्याला पारतंत्र्यात ठेवलं त्याचाच सर्वांत मोठा अधिकारी आपल्या स्वराज्याचा जनक कसा? परीक्षेत या प्रश्नाला गुण नाहीत. पण पास झालीस तर एखाद्या नगरपरिषदेत मुख्याधिकारी म्हणून बसशील, आणि त्या खुर्चीत हा प्रश्न तुला रोज भेटेल. म्हणून सविस्तर लिहितो.

रिपन हा माणूस तुझ्या गाइडमध्ये नुसतं नाव म्हणून येतो. त्याचा जन्म १८२७ चा, लंडनच्या १०, डाउनिंग स्ट्रीटमधला. बाप तेव्हा थोड्या महिन्यांसाठी पंतप्रधान होता. अशा घरातल्या माणसाने १८७४ साली कॅथलिक पंथ स्वीकारला. त्या काळच्या इंग्लंडात सरदारघराण्यातल्या राजकारण्याने असं करणं म्हणजे पुढच्या पदांवर पाणी सोडण्यासारखंच होतं. तरीही १८८० मध्ये लिबरल पक्ष निवडून आल्यावर ग्लॅडस्टनने त्याला हिंदुस्थानात पाठवलं. मनाला पटलं की त्याची किंमत मोजायची, हा त्याचा स्वभाव पुढे इथेही दिसला. पण किंमत किती मोजायची यालाही त्याच्या लेखी एक मर्यादा होती, आणि तीही दिसली.

तो आला तेव्हा आपल्या मुलखाची अवस्था काय होती? १८७६ ते ७८ च्या दुष्काळाने दख्खन उजाड झालं होतं. त्याच दुष्काळात, १ जानेवारी १८७७ ला, त्याच्या आधीचा व्हाइसरॉय लॉर्ड लिटन याने दिल्लीत दरबार भरवला होता. १८७८ साली देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांच्या मुसक्या बांधणारा कायदा आला. वासुदेव बळवंत फडक्यांनी १८७९ साली सशस्त्र उठाव केला आणि ते पकडले गेले. रिपन जून १८८० मध्ये सूत्रं घेत होता तेव्हा फडके एडनच्या तुरुंगात होते आणि तिथेच १८८३ मध्ये गेले. हे मी मुद्दाम सांगतो. रिपनच्या सुधारणांचा काळ आणि फडक्यांच्या जन्मठेपेचा काळ एकच होता. त्या माणसाबद्दल कितीही आदराने बोललो, तरी तो ज्या राज्याचा प्रमुख होता ते कसलं राज्य होतं हे विसरायचं नाही.

त्याची बाकीची कामं तुला माहीत आहेत, म्हणून थोडक्यात. लिटनचा वृत्तपत्र कायदा १८८२ मध्ये रद्द. १८८१ चा कारखाना कायदा: सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी, सात ते बारा वयाच्या मुलांचे तास नऊवर. हा कायदा शंभराहून कमी माणसांच्या कारखान्याला लागू नव्हता आणि मोठ्या कामगारांच्या तासांबद्दल त्यात काही नव्हतं; नारायण मेघाजी लोखंड्यांना १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना गोळा करून मागण्या मांडाव्या लागल्या त्या यामुळेच. आणि शिक्षणासाठी हंटर आयोग. त्याकडे नंतर येतो.

आता तो ठराव. तू त्याची तारीख पाठ केलीस, पण त्यात काय म्हटलं आहे ते वाचलं आहेस का? नगरपालिका त्याच्या आधीही होत्या; पुण्याची, मुंबईची होतीच. लॉर्ड मेयोच्या काळात, १८७० मध्ये, स्थानिक खर्च स्थानिक पैशातून भागवण्याचं धोरण ठरलं होतं. पण तो हिशेब खजिन्याचा होता. सरकारची तिजोरी हलकी व्हावी म्हणून लोकांवर कर, आणि कर द्यायला लोक नाखूश होऊ नयेत म्हणून दोनचार प्रतिष्ठित गृहस्थ कमिटीवर. रिपनने हा हिशेब उलटा केला. त्याच्या ठरावात स्पष्ट म्हटलं आहे, की ही व्यवस्था मुख्यतः कारभार सुधारावा म्हणून आणायची नाही. ती आणायची लोकांच्या राजकीय शिक्षणासाठी. सुरुवातीला चुका होतील, काही ठिकाणी कारभार ढासळेलही, हे त्याने गृहीत धरलं. आजवरचे प्रयोग फसले, कारण ते मनापासून कधी झालेच नाहीत. चांगल्या हेतूने का होईना, अधिकाऱ्यांनी मध्ये हात घालून ते दडपले, असा दोष त्याने आपल्याच नोकरशाहीला दिला.

मग कलमं आली. लोकल बोर्डाचं क्षेत्र तालुक्याएवढं लहान असावं, म्हणजे सभासदांना प्रश्न स्वतःच्या डोळ्यांनी दिसतील. सरकारी सभासद एकतृतीयांशाहून अधिक नसावेत. जमेल तिथे निवडणूक घ्यावी. अध्यक्ष शक्यतो बिनसरकारी असावा. आणि सरकारने नियंत्रण ठेवावं ते बाहेरून, आत बसून नव्हे. यातलं शेवटचं कलम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. कलेक्टर अध्यक्षाच्या खुर्चीत बसला की सभेत दुसरं कोणी बोलत नाही. तोच कलेक्टर बाहेर राहिला, हिशेब तपासले, कायद्याबाहेरचा ठराव थांबवला, तर सभा सभाच राहते. आपल्या १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातलं कलम ३०८ तू वाचलंच असशील, परिषदेचा ठराव तहकूब करण्याचा कलेक्टरचा अधिकार. त्या कलमाचं मूळ या विचारात आहे. अधिकार बाहेरच्या माणसाचा आहे, आणि क्वचित वापरायचा आहे.

पण रिपनने हे सगळं हवेतून आणलं, असं समजू नकोस. इथे गाइडं तुला फसवतात. त्याच्या ठरावाआधी बारा वर्षं, १८७० मध्ये, पुण्यात सार्वजनिक सभा निघाली होती. गणेश वासुदेव जोशींनी, म्हणजे सार्वजनिक काकांनी, तिचा नियम असा केला की ज्याला सभासद व्हायचं त्याने निदान पन्नास माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं. विचार कर. कायदा नाही, मतपत्रिका नाही, सरकारची मान्यता नाही, आणि तरी या माणसांना वाटत होतं की मी लोकांच्या वतीने बोलतो म्हणायचं तर लोकांनी तसं लिहून दिलेलं असलं पाहिजे. दुष्काळात याच सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. त्याही आधी, १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये शतपत्रं लिहिणाऱ्या लोकहितवादींनी हिंदुस्थानासाठी पार्लमेंटची गोष्ट काढली होती.  तेव्हा रिपन जेमतेम विशीतला पोर होता. म्हणून मी त्याला जनक म्हणत नाही. मागणारे आधीपासून दारात उभे होते. आतल्या माणसांपैकी ज्याने त्यांचं म्हणणं खरं आहे असं सरकारी कागदावर लिहिलं, तो हा पहिला. हेही थोडं नाही.

त्या कागदाचं पुढे काय झालं, ते तू नीट समजून घे, कारण यात तुझ्या होऊ घातलेल्या नोकरीतल्या माणसांचं काम आहे. व्हाइसरॉयने ठराव केला, पण कायदे करायचे होते प्रांतांनी. मुंबईचा गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन होता, आणि त्याच्या सरकारला हा उत्साह पसंत नव्हता. लंडनच्या इंडिया कौन्सिलमध्ये बसलेल्या जुन्या अधिकाऱ्यांनाही नव्हता. कोणी ठरावाला उघड नाही म्हटलं नाही. जिल्ह्याची परिस्थिती, लोकांची अपात्रता, कामाचा खोळंबा, अशा शब्दांनी त्याचा जीव काढून घेतला. १८८४ मध्ये मुंबई इलाख्यात लोकल बोर्डांचा आणि नगरपालिकांचा कायदा झाला. तालुका बोर्डं आली, जिल्हा बोर्डं आली, काही जागांवर निवडणूकही आली. पण जिल्हा लोकल बोर्डाच्या अध्यक्षस्थानी पुढे कित्येक वर्षं कलेक्टरच बसत राहिला. मतदार म्हणजे कर भरणारे, मालमत्ता असलेले पुरुष. पोराला विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला भोपळा बांधतात तो काही दिवसांनी सोडायचा असतो. इथे बापानेच तो कायम बांधून ठेवला, आणि वर पोराला पोहता येत नाही म्हणून गावभर सांगितलं.

हा युक्तिवाद तू पुन्हा पुन्हा ऐकशील. लोक अजून तयार नाहीत. कारभार बिघडेल. रिपनचं उत्तर असं, की तयार व्हायला दुसरी जागाच नाही. मला हे उत्तर संपूर्ण मान्य आहे.

पण त्याच रिपनची मर्यादा १८८३ मध्ये उघडी पडली. फौजदारी कायद्याप्रमाणे इलाख्याच्या राजधान्यांबाहेर हिंदी न्यायाधीशाला गोऱ्या आरोपीचा खटला चालवता येत नसे. बिहारीलाल गुप्ता या आयसीएस अधिकाऱ्याने ही विसंगती सरकारच्या नजरेस आणली आणि कायदा सभासद कोर्टने इल्बर्टने विधेयक मांडलं. त्यावर कलकत्त्याच्या गोऱ्या व्यापाऱ्यांनी, निळीच्या आणि चहाच्या मळेवाल्यांनी जो गहजब केला तसा या देशात इंग्रजांनी इंग्रज व्हाइसरॉयविरुद्ध कधी केला नव्हता. जाहीर सभा झाल्या, वर्गण्या जमल्या, व्हाइसरॉयला उघड अपमान सोसावे लागले. त्याला उचलून जहाजात घालून परत पाठवण्याचा कट शिजल्याचीही नोंद आहे. शेवटी जानेवारी १८८४ मध्ये तडजोड झाली: हिंदी जिल्हा न्यायाधीशापुढे खटला चालेल, पण गोऱ्या आरोपीला निम्मे सभासद गोरे असलेली ज्युरी मागता येईल. विधेयकाचं तत्त्व कागदावर राहिलं आणि व्यवहारातून गेलं. इथे रिपनने माघार घेतली, आणि ती माघारच होती. तिला मुत्सद्देगिरी म्हणणारी पुस्तकं तुला मिळतील, पण ती पटवून घेऊ नकोस.

मात्र त्या वर्षभरात आपली माणसं काय शिकली ते बघ. संघटित गोंगाटापुढे सरकार वाकतं, आणि चांगल्या मनाचा एकटा व्हाइसरॉय पुरत नाही, हे त्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिलं. मुंबईत फिरोजशहा मेहता, काशिनाथ त्र्यंबक तेलंग आणि बद्रुद्दीन तय्यबजी या तिघांनी विधेयकाच्या बाजूने टाउन हॉल गाजवला. डिसेंबर १८८४ मध्ये रिपन मायदेशी निघाला तेव्हा वाटेवरच्या शहरांत आणि शेवटी मुंबईत निरोपाला लोटलेली गर्दी पाहून इंग्रज अधिकारी चकित झाले. पुढच्याच महिन्यात या तिघांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन काढली. आणि २८ डिसेंबर १८८५ ला मुंबईच्या गोकुळदास तेजपाल पाठशाळेत ७२ प्रतिनिधींची काँग्रेस भरली. ती खरं तर पुण्यात भरायची होती, पण तिथे पटकीची साथ आली.

आता जोतीराव फुले. तुझ्या पिढीने रिपनचा ठराव जोतीरावांना बाजूला ठेवून वाचू नये, असं मला फार वाटतं. हंटर आयोगापुढे १९ ऑक्टोबर १८८२ चं त्यांचं निवेदन आहे. ठराव होऊन तेव्हा पाचच महिने झाले होते. त्यांचं म्हणणं असं, की सरकारच्या उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा पैसा मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे जातो. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. हा प्रश्न स्वराज्याचाच होता, पण सार्वजनिक सभेच्या पुढाऱ्यांनी तो तशा धारेने विचारला नव्हता. खुर्ची साहेबाकडून आपल्याकडे येणार, पण आपल्याकडे म्हणजे कोणाकडे? जोतीराव १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करायचा ठराव आला, तेव्हा विरोधात हात वर करणारे ते एकटे होते. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर घाला, असं त्यांचं म्हणणं. निवडून न आलेला माणूसही लोकांचा असू शकतो आणि निवडून आलेला नसूही शकतो, हे त्या सभागृहात एका हाताने सिद्ध केलं.

आणि या प्रश्नाचं सर्वांत कडू उत्तर महाडला मिळालं. मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोल्यांचा ठराव १९२३ मध्ये झाला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्यांना खुल्या. त्याला धरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस तिथल्या पालिकेतले पुढारी. ते बाबासाहेब आंबेडकरांच्या बाजूला उभे राहिले. ठराव होता, पण तळ्यावर कोणी जाऊ शकत नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांसह गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर गावात मारहाण झाली, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पालिकेने आपला ठराव मागे घेतला. पुढे कज्जा चालला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला १९३७ उजाडलं. पाहिलंस ना? ठराव करणारी नगरपालिका तीच, तो पुसणारीही तीच. रिपनने ज्या राजकीय शिक्षणाची आशा धरली होती ते महाडच्या सभागृहात झालं नाही. ते तळ्याच्या पायऱ्यांवर झालं. संविधान सभेत १९४८ साली बाबासाहेबांनी गावाच्या गोडव्यांवर जी कठोर टीका केली, तिच्यामागे हा अनुभव होता. म्हणून नुसतं सत्तेचं विकेंद्रीकरण म्हणून थांबू नकोस. आरक्षित जागा, प्रौढ मताधिकार, न्यायालयाचा धाक यांच्याशिवाय गावाचं स्वराज्य हे गावातल्या बलवानांचं राज्य होतं.

मधला इतिहास तुला येतोच. टिळक १८९५ मध्ये पुण्याच्या पालिकेवर निवडून गेले, गोखले तिचे अध्यक्ष झाले, सुभाषबाबू १९२४ मध्ये कलकत्ता महापालिकेचे मुख्य कार्यकारी अधिकारी होते, वल्लभभाई १९२४ ते २८ अहमदाबादचे अध्यक्ष. गटारं, पाणी आणि साथी हाताळत ही माणसं राज्य चालवायला शिकली. १ मे १९६२ ला आपल्याकडे जिल्हा परिषदा आल्या. १९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने दर पाच वर्षांनी निवडणूक बंधनकारक केली. रिपनच्या ठरावात ‘जमेल तिथे’ होतं. घटनेत ते राहिलेलं नाही.

तरीही मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाने ती चालवली. राज्यातल्या बहुतेक शहरांची हीच कथा. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांचे वाद न्यायालयात होते, हे खरं. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या म्हणून सांगावं लागलं. मला वादापेक्षा लोकांच्या तोंडचं एक वाक्य जास्त लागलं. चांगली शिकलेली माणसं म्हणत होती, ‘बरंच झालं, नगरसेवक नाहीत तर कामं पटापट होतात.’ हे फर्ग्युसनच्या सरकारचंच म्हणणं, जवळजवळ दीडशे वर्षांनी आपल्या तोंडी आलेलं.

मी एक मुदत नगरसेवक होतो, हे तुला माहीत आहे. आमच्याकडे प्रशासकाच्या काळात एका वस्तीतला रस्ता खरोखर पटापट झाला. सिमेंटचा, उत्तम. पुढच्या पावसाळ्यात खालच्या गल्लीतल्या घरांत गुडघाभर पाणी शिरलं, कारण ओढ्याचं पाणी पूर्वी ज्या बाजूने निघून जायचं तिथे रस्ता उंच झाला होता. त्या गल्लीतल्या कुठल्याही बाईला हे ठाऊक होतं. तिला विचारणारं सभागृह तेव्हा नव्हतं. नगरसेवक टक्केवारी खातात, ठेकेदारांशी साटंलोटं करतात, हे मी जवळून पाहिलं आहे आणि त्याबद्दल सभागृहात भांडलोही आहे. पण भ्रष्ट नगरसेवकाला पाच वर्षांनी लोक घरी बसवू शकतात. प्रशासकाची बदली होते, एवढंच.

म्हणून तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर: रिपन जनक नव्हता. तो भला प्रशासक होता, आणि त्याचा मोठेपणा एवढ्यात आहे की प्रशासकाने स्वतःची खुर्ची मागे ओढावी, असं त्याने स्वतः प्रशासक असताना लिहिलं. त्याच्या खालच्या अधिकाऱ्यांना ते जमलं नाही. तुला जमलं पाहिजे.

सर्वसाधारण सभेत एखादी पहिल्यांदा निवडून आलेली सदस्य अडखळत प्रश्न विचारेल. तिचा नवरा मागच्या बाकावरून खुणा करत असेल. त्याला बाहेर बसव आणि तिला पुरता वेळ दे. तिच्या वस्तीची नोंद इतिवृत्तात तिच्या शब्दांत जाऊ दे. टिपणीची भाषा तिला कळेल अशी लिही. ठराव कायद्याबाहेरचा असेल तर तसं सभेत उभं राहून सांग, आणि कायद्यात असून तुला फक्त पसंत नसेल तर तो राबव. मुदत संपत आली की निवडणुकीची तयारी वेळेत कर, आणि प्रशासक म्हणून बसायची वेळ आलीच तर दर महिन्याला प्रभागातल्या लोकांना बोलावून हिशेब वाचून दाखव. एवढं केलंस तर त्या ठरावाची तारीख पाठ केल्याचं सार्थक होईल.

अभ्यास सांभाळून जेवत जा. आजीने डिंकाचे लाडू पाठवले आहेत.

तुझे,
आजोबा